ब्लूटूथने आपोआप डिसआर्म होणारा होम अलार्म: कोलसिस आयक्यू पॅनल ४ चा माझा रिव्ह्यू

आधीच सांगते, खिशातला फोन ओळखून अलार्म आपोआप डिसआर्म, म्हणजे बंद, होण्याचं हे फीचर मला मनापासून आवडलंय, पण ते घरातल्या सगळ्या फोनवर चालू करू नये हेही माझं ठाम मत आहे, आणि दोन्ही गोष्टी नीट सांगायच्या म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोला राहतो. घरात कोलसिसचं आयक्यू पॅनल ४ आहे (कोलसिस आता जॉन्सन कंट्रोल्सची आहे), गॅरेजमधून आत येतो त्या दाराशेजारच्या भिंतीवर सात इंची टचस्क्रीन, दारं-खिडक्यांना सेन्सर, वर महिन्याचं मॉनिटरिंग. ज्यांच्याकडे अलार्म आहे त्यांना पुढचं माहितीच आहे, दार उघडलं की बीप बीप सुरू होतं आणि एंट्री डिले संपायच्या आत कोड टाकायचा, नाहीतर सायरन. खोटे अलार्म कमी व्हावेत म्हणून इथे सीपी-०१ नावाचं एक स्टँडर्ड आहे, त्याप्रमाणे हा डिले कमीत कमी ३० सेकंदांचा असतो. ३० सेकंद म्हटलं की खूप वाटतात पण कडेवर झोपलेलं पोर, मनगटाला ग्रोसरीच्या पिशव्या आणि त्यात बूट काढायचेत, अशा वेळी ते कुठे जातात कळत नाही.

पण आम्ही हे चालू केलं ते आई-बाबांसाठी, म्हणजे माझ्या सासूसासऱ्यांसाठी. ते सांगलीहून येतात आणि चांगले काही महिने राहतात. बाबांना कोड पाठ, पण आईंचं असं व्हायचं की बीप सुरू झाली की त्या आधी हातातली पिशवी खाली ठेवणार, मग पर्समधून चष्म्याचं घर काढणार, चष्मा लावणार, तोवर पॅनल इंग्लिशमध्ये बोलायला लागलेलं, आणि मग थरथरत्या बोटाने एक आकडा दोनदा दाबला जायचा. शेवटी शेवटी तर "तुम्ही कोणी घरात असलात तरच आम्ही फिरायला जाऊ" असं सुरू झालं. घराच्या सुरक्षेसाठी लावलेल्या यंत्रामुळे घरातली मोठी माणसंच घाबरून बसायला लागली तर त्याचा उपयोग काय, असं मला फार वाटायचं.

आता हे चालतं कसं. पॅनलमध्येच ब्लूटूथ आहे, त्याला फोन पेअर करायचा, असे ५ फोन जोडता येतात. सिस्टीम अवे मोडमध्ये (घरात कोणी नसताना लावतात तो) असली आणि जोडलेला फोन टप्प्यात आला की पॅनल स्वतःच डिसआर्म होतं, फोन खिशातून काढायची पण गरज नाही. आपण आर्म करून, म्हणजे अलार्म चालू करून, बाहेर पडतो तेव्हा फोन अजून जवळच असतो ना, म्हणून आर्म केल्यावर पॅनल काही वेळ फोन शोधतच नाही, हा वेळ आधीपासून १० मिनिटांचा सेट केलेला असतो. म्हणजे काही विसरलं म्हणून दोन मिनिटांत परत आलात तर कोडच टाकावा लागणार, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि इथेच मला याचं सगळ्यात मोठं कौतुक वाटतं, याला अ‍ॅप लागत नाही, इंटरनेट लागत नाही. बाबांचा फोन भारतातला, सिम भारतातलं, इथे ते फक्त घरच्या वायफायवर असतात, बाहेर पडले की डेटा बंद. तरी चालतं, कारण फोन आणि पॅनल यांचं आपापसातलंच बोलणं आहे. आता दोघं संध्याकाळी तळ्याला चक्कर मारून येतात, बाबा दार उघडतात, पॅनलवर डिसआर्म झाल्याचं आलेलं असतं, आई सरळ चहा टाकायला आत. माझा ऑफिसमध्ये बसल्या बसल्या जीव भांड्यात पडतो.

हँड्सफ्रीच्या नावाखाली बाकी जे जे मिळतं तेही बघितलं. जिओफेन्स म्हणजे लोकेशनवरून, तो फोनच्या जीपीएसवर चालतो आणि त्याचं वर्तुळ मोठं असतं, तुम्ही अजून कोपऱ्यावरच्या सिग्नलला आहात आणि घर उघडं पडलं हे मला चालणार नाही. आर्म करायला विसरलात अशी आठवण द्यायला जिओफेन्स मस्त, डिसआर्म करायला नको. अ‍ॅलेक्साला सांगून डिसआर्म करता येतं पण त्याला ४ आकडी पिन मोठ्याने बोलावा लागतो, म्हणजे पाहुण्यांसमोर पिन जाहीर, आणि आईंना ते कीपॅडपेक्षा सोपं अजिबात नाही. अ‍ॅपलच्या होम अ‍ॅपमध्ये लोकेशनवर ऑटोमेशन लावता येतं, पण कुलूप किंवा अलार्मसारख्या गोष्टींसाठी ते आधी फोनवर परवानगी विचारतं. ते बरोबरच करतात, पण मग हात मोकळे कुठे राहिले? किल्लीच्या जुडग्यातला छोटा रिमोट मात्र चांगला पर्याय आहे, एक बटण दाबायचं बस, ज्यांना फोनवर भरवसा नाही त्यांनी तोच घ्यावा.

आता काळजीच्या गोष्टी, आणि या वाचल्याशिवाय चालू करू नका.

पहिली, घरी राहिलेला फोन. समजा चार फोन जोडलेत आणि तुम्ही सगळे अवे लावून बाहेर गेलात पण एक फोन चार्जिंगला घरातच आहे. १० मिनिटं झाली की पॅनल फोन शोधणार, त्याला तो सापडणार आणि सिस्टीम डिसआर्म! तुम्ही सिनेमाला, घर मोकळं. पॅनलची यात चूक नाही, त्याला सांगितलंय तेच ते करतंय. म्हणून जो फोन माणसाबरोबर नक्की बाहेर जातो तोच जोडायचा. मुलांचा टॅब, जुना फोन, ऑफिसचा दुसरा फोन, काही जोडायचं नाही. आमच्याकडे नवऱ्याचा आणि बाबांचा असे दोनच जोडलेत, माझा मुद्दाम नाही, कारण मी बऱ्याचदा तो किचनच्या ओट्यावर ठेवून शेजारी जाते. आणि डिसआर्म झाला की अ‍ॅपवर नोटिफिकेशन येईल असं नक्की लावून घ्या.

दुसरी, फोन हरवला किंवा चोरीला गेला तर सगळ्यात आधी पॅनलमधून त्याचं पेअरिंग काढायचं. फोन लॉक असला तरी ब्लूटूथ चालूच असतं, त्यामुळे लॉक आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

तिसरी जरा टेक्निकल. २०२२ मध्ये एनसीसी ग्रुपच्या सिक्युरिटीवाल्यांनी दाखवून दिलं होतं की ब्लूटूथ लो एनर्जीचा सिग्नल मधल्यामध्ये पुढे पोचवून लांबचा फोन जवळ असल्याचं भासवता येतं, त्यांनी टेस्ला मॉडेल ३ आणि क्विकसेट केव्होचं कुलूप असं उघडून दाखवलं. ते या पॅनलबद्दल नव्हतं, पण सिग्नल आला म्हणजे माणूस आला असं धरणाऱ्या कुठल्याही सोयीला हा प्रश्न लागू होतोच. साधा भुरटा चोर एवढं करत बसेल असं मला वाटत नाही, तरी दाराचं कुलूप मात्र ब्लूटूथवर आपोआप उघडणारं ठेवू नका, दोन्ही एकाच फोनच्या भरवशावर नकोत. अल्ट्रा वाइडबँडवाली कुलपं यायला लागलीत, त्यात सिग्नलला लागलेल्या वेळावरून अंतर मोजतात, तो रस्ता जास्त बरोबर वाटतो.

आणि चौथी गोष्ट कोणी सांगत नाही. ड्युरेस कोड नावाचा प्रकार असतो, कोणी धाक दाखवून डिसआर्म करायला लावलं तर तो कोड टाकायचा, वरवर अलार्म बंद होतो पण आतून मदतीचा निरोप जातो. ब्लूटूथने आधीच डिसआर्म झालं असेल तर ती संधी गेली. रात्री आम्ही स्टे मोड (आपण घरात असताना लावतात तो) लावतो, त्यात ब्लूटूथवालं डिसआर्म चालत नाही आणि ते तसंच हवं. पण एकट्या राहणाऱ्या, उशिरा घरी येणाऱ्या मैत्रिणींना मी हे सुचवणार नाही, त्यांनी कोडच वापरावा.

पैशाचं म्हणाल तर टेक्सासच्या कायद्याप्रमाणे १२ महिन्यांत ३ खोटे अलार्म झाल्यावर पुढच्याला शहर दंड लावू शकतं, ५० डॉलरपासून १०० पर्यंत. अमेरिकेच्या न्यायखात्याच्या पोलिसांसाठीच्या गाइडमध्ये घरफोडी अलार्मच्या कॉल्सपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे असतात असं दिलंय, आणि त्यात घरच्याच माणसांच्या चुका भरपूर. त्यामुळे घाबरून चुकीचं बटण दाबणारं कोणी घरात असेल तर हे फीचर नुसती चैन नाही.

डीलरबद्दल नाव न घेता एवढंच, आमच्याकडे आलेल्या टेक्निशियनने हे फीचर आहे हे सांगितलंच नाही, विचारल्यावर "अ‍ॅप वापरा ना" म्हणाला. तुम्ही घेत असाल तर पॅनल लावायला माणूस आलेला असतानाच फोन जोडून घ्या, अवे लावा, फोन घेऊन १० मिनिटांपेक्षा जास्त वेळ बाहेर फिरून या आणि टेक्निशियन घरात असतानाच नक्की कुठे पोचल्यावर डिसआर्म होतं ते बघा. ड्राइव्हवेवरच होत असेल की दाराशी, ते भिंतींवर आणि फोनवर अवलंबून असतं. आणि हीच चाचणी ज्यांच्यासाठी करताय त्यांच्या फोनवर करा, स्वतःच्या नाही.