एल.एस. बेल्ट: कंबर सुधारली, वेल्क्रो गेला

पावसाळ्याच्या तोंडावर कमरेत उसण भरली तेव्हा घेतलेला एल.एस. (लंबो-सेक्रल, म्हणजे कमरेला आवळायचा) बेल्ट परवा चालत्या बसमध्ये चर्रकन सुटला. मागच्या पट्ट्या सरळ आहेत, इलॅस्टिक सैल पडलेलं नाही, शिलाई कुठे उसवलेली नाही. गेला फक्त वेल्क्रो. ७५० रुपयांच्या वस्तूतला सगळ्यात स्वस्त भाग आधी मरतो आणि अख्खी वस्तू भंगारात? दुकानदार म्हणाला, “काका, अंगाला लागलेला माल परत घेत नाही.” वॉरंटीतही वेल्क्रो बसत नाही म्हणे. मग बेल्ट काय नाडीने बांधायचा?

माप देताना पँटची कंबर सांगू नका, टेप बेंबीवरून फिरवा. माझी पँट ३४, तिथे भरले ३८. घामाने चट्टे उठतात म्हणून बनियनवर बांधायचा, आणि त्याच बनियनचा कापूस वेल्क्रोच्या खरखरीत बाजूत जाऊन बसतो. जुन्या टूथब्रशने निघतो, सगळा नाही.

माझं दुखणं हालचालीचं. पडून राहिलं की काही नाही; कूस बदलली, बादली उचलली की कळ. पायात मुंग्या वगैरे नव्हत्या, त्यामुळे डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला नाही, तेवढे पैसे वाचले. बेल्ट आवळला की उठता यायचं, म्हणून पाच तारे पक्के होते. पुढे फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, “घरात काढून ठेवा आणि चाला.” पैसे मोजून घेतलेली वस्तू काढून ठेवायची? चिडून नेटवर शोधलं. ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत हे सुचवणाऱ्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेची २०१६ची मार्गदर्शिका कंबरदुखीला पट्टे देऊच नका म्हणते, आणि जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचंही २०२३मध्ये तेच म्हणणं. खोक्यावर हे कोण छापणार!

तेव्हापासून तो फक्त स्कूटर, बस आणि सिलिंडर सरकवण्यापुरता. बाकी चालणं, शेकायला गरम पाण्याची पिशवी, मॅडमनी दिलेले व्यायाम. अंथरुणातून सरळ न उठता आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचं. या फुकटच्या युक्तीने बेल्टपेक्षा जास्त कळा वाचवल्या. आता दुखणं बरंच कमी आहे, पण श्रेय बेल्टला देववत नाही. तीन तारे. वेल्क्रोचा एक कापला, दोन झाले.

लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातला जोर कमी झाला, तर बेल्टबिल्ट बघत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

ज्यांचा वेल्क्रो गेलाय त्यांच्यासाठी: शिवणसामानाच्या दुकानात तो मीटरवर मिळतो. घरच्या मशीनची सुई मोडेल, चप्पल-बॅगा शिवणाऱ्याकडे द्या. माझ्याकडून ४० रुपये घेतले. चार इंची रुंद मिळाला नाही, म्हणून दोन इंचीच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी लावून घेतल्या. धुताना वेल्क्रो चिकटवूनच धुवा.