दोन्ही नातवंडांना तपासणारा दवाखाना

या दवाखान्याला मी पैकीच्या पैकी मार्क देते. का, ते जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्यासारखी वेळ कुठल्याही घरावर येऊ शकते. माझं आयुष्य बालवाडीत गेलं, त्यामुळे मोठी माणसं लहान मुलांशी बोलतात कशी, याकडे माझं लक्ष आधी जातं.

दिवाणावर निजवलेलं सात महिन्यांचं बाळ खाली फरशीवर रडताना सापडलं. खोलीत चार वर्षांची थोरली नात एकटीच होती. घडलं काय, ते कोणीच बघितलं नव्हतं. पण सून बाळाला उचलून घेईपर्यंत घरात निकाल लागलासुद्धा: "हिनंच ढकललं. भाऊ झाल्यापासून डोळ्यांत खुपतोय तिच्या." थोरली फ्रॉकचा काठ तोंडात धरून भिंतीला चिकटून उभी होती. आम्ही तिलाही रिक्षात घेतलं.

डॉक्टर मॅडमनी आधी बाळ बघितलं. लगेच रडलं का? उलटी झाली का? दूध ओढतंय का? ओळखीच्या माणसाकडे बघून हसतंय का? मग टाळू बघितली, सगळं डोकं बोटांनी चाचपलं. टेंगूळ कपाळावर होतं. तेच कानाच्या वर किंवा डोक्याच्या मागं असतं तर काळजी वाढली असती, असं त्यांनी समजावून सांगितलं. दिवाण जेमतेम दीड फुटाचा, बाळ शुद्धीवर, खेळतंय. म्हणून सीटी स्कॅन नको, एवढ्याशा जिवाला उगाच किरणं कशाला, काही तास इथेच डोळ्यांसमोर ठेवू, असं ठरलं. आमच्यातल्या एकाचा "स्कॅन करूनच टाका" असा हट्ट होता. मॅडम त्याला बधल्या नाहीत, हे मला फार आवडलं.

नंतर त्यांनी बाळाचे सगळे कपडे काढायला लावले. पाठ, पोट, मान, कानांच्या मागची बाजू, मांड्या, सगळं नीट बघितलं. दिवाण किती उंच, खाली काय होतं, घरात कोण कोण होतं, हे सुनेला एकदा आणि मुलाला वेगळं एकदा विचारलं. आमच्या जाऊबाई चिडल्या, "आमच्यावर संशय घेता का?" त्यांना मी तिथेच थांबवलं. जे मूल अजून धरून उभंसुद्धा राहत नाही, त्याच्या अंगावर वळ दिसला तर डॉक्टरांनी विचारलंच पाहिजे. "मोठ्या भावंडानं केलं" हे सांगायला फार सोपं असतं, आणि त्याआड मोठ्या माणसाचा हातही लपू शकतो. विचारणारा डॉक्टर बाळाच्या बाजूचा असतो.

सगळ्यात शेवटी मॅडम थोरलीकडे वळल्या, आणि तेवढ्यासाठी मी हे लिहितेय. खुर्चीवरून उठून तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "तू ढकललंस का?" असं एकदाही विचारलं नाही. "बाळ कुठं होतं? मग काय झालं?" एवढंच विचारून गप्प राहिल्या. पोरगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला माझी भावली पायजे होती." पुढं काही नाही. मॅडमनीही खोदलं नाही. तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, तिचेही हातपाय बघितले आणि बाळाची टोपी तिच्या हातात दिली.

आईबापांना मात्र बाजूला घेऊन स्पष्ट ऐकवलं. सात महिन्यांचं मूल आपलं आपण कुशीवर वळतं आणि कडेवरून खाली येतं, त्याला ढकलायला कोणी लागत नाही. आणि समजा थोरलीनं ओढलं, ढकललं, तरी चार वर्षांच्या मुलीला पडण्याचा परिणाम कळत नाही. राग आला की हात चालतो, एवढंच त्या वयाचं. दोघांना एका खोलीत सोडायचं तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, नाहीतर बाळ खाली सतरंजीवर हवं. "लक्ष ठेव हं बाळाकडं" हे तिला सांगायचंच नाही, ते काम तिचं नाही. रोज थोडा वेळ आईचा किंवा बापाचा फक्त तिच्यासाठी. आणि घरी आल्यागेल्याला "हिनं बाळाला पाडलं" ही गोष्ट सांगायची नाही, तिच्यादेखत तर नाहीच.

या शेवटच्या सूचनेसाठी मी मॅडमचे पाय धरले असते. बालवाडीत मी अशी मुलं बघितली आहेत, ज्यांच्या कपाळावर घरच्यांनीच "मारकुटा" असा शिक्का मारलेला असतो. ती मग तसंच वागायला लागतात.

केसपेपरवर थोरलीचा उल्लेख बघून नातेवाइकांत पोलिसांची भीती पसरली. माझा भाचा वकील आहे. त्यानं सांगितलं की सात वर्षांखालच्या मुलानं केलेली कुठलीच गोष्ट कायद्यानं गुन्हा ठरत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २०, जुन्या दंड विधानात ते ८२ होतं. उलट मुलाची हेळसांड करणाऱ्या पालकाला बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली शिक्षा होऊ शकते. जबाबदारी कुणाची, हे कायद्यालाही कळतं. आपल्या घरांत ते कळायला एवढा उशीर का लागावा?

घरी सोडताना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: पुन्हा पुन्हा उलटी, झटका, उठवूनही न उठणं, दूध न घेणं, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, यातलं काहीही दिसलं तर रात्री कितीही वाजता या. बाळ आता छान आहे.

उणं एकच. बाळाला देखरेखीखाली ठेवतात त्या खोलीत थोरल्या भावंडाला बसायला जागा नाही. नर्सताई "मोठ्या मुलांना बाहेर न्या" म्हणत होत्या. एक छोटी चटई आणि चार खेळणी तिथं ठेवाच, अशी व्यवस्थापनाला विनंती. बिल वाजवी आहे, रात्रीचा जादा आकार आधीच सांगतात. पार्किंग मागच्या गल्लीत.