रविवारचे पालक मदत केंद्र : अर्ज चोख, पाठपुरावा अर्धा

पुण्याच्या एका उपनगरात, तालमीच्या तळमजल्यावर, जानेवारी ते जुलै या काळात दर रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत पालकांसाठी मदत केंद्र चालते. तेथे पाटी नाही आणि शुल्कही नाही. दोन लॅपटॉप, एक फळा आणि सतरंजीवर बसलेले तीस-चाळीस पालक एवढाच त्याचा पसारा आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि केंद्र चालवणारी माणसे पदरमोड करून ते चालवतात. मी तेथे 2024 मध्ये मुलीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी गेले आणि त्यानंतर थोरल्या मुलाच्या महापालिका शाळेच्या कामासाठीही जात राहिले, त्यामुळे हा अभिप्राय एका भेटीवर बेतलेला नाही.

केंद्राचे मुख्य काम शिक्षण हक्क कायद्याखालील 25 टक्के प्रवेशांचे, म्हणजे खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या व सोडतीने भरल्या जाणाऱ्या मोफत जागांचे, अर्ज भरून देणे हे आहे. अर्ज ऑनलाइन असल्यामुळे तो कोणत्याही सायबर कॅफेत भरता येतो आणि आमच्या चौकातला कॅफेवाला तो दहा मिनिटांत भरतो. फरक कुठे पडतो ते मला केंद्रात बसल्यावर कळले. प्रवेशात अंतराला प्राधान्य असते, शाळेपासून एक किलोमीटरच्या आतली मुले आधी आणि तीन किलोमीटरपर्यंतची नंतर, आणि हे अंतर पालकाने नकाशावर घराच्या जागी ठेवलेल्या फुग्यावरून मोजले जाते. माझा फुगा मी आधीच घरी मोबाइलवर ठेवला होता. केंद्रातल्या निवृत्त शिक्षिकेने, ज्यांना सगळे नुसते ‘बाई’ म्हणतात, नकाशा मोठा केला आणि विचारले, “ताई, तुमच्या दारात उभं राहिलं की समोर काय दिसतं?” मी पिठाची गिरणी सांगितली. गिरणी नकाशात फुग्यापासून चांगली दोन गल्ल्या पलीकडे होती. पडताळणी समितीपुढे निवासाचा पुरावा आणि नकाशातली जागा जुळली नाही तर सोडतीत लागलेला प्रवेशही रद्द होऊ शकतो, हे बाईंनी फुगा सरकवता सरकवता सांगितले.

कागदपत्रांच्या बाबतीतही तोच काटेकोरपणा आहे. भाडेकरार केवळ नोटरी केलेला असेल तर चालत नाही, तो नोंदणीकृत लागतो. वंचित गटातून अर्ज असेल तर जातीचा दाखला आणि दुर्बल घटकातून असेल तर एक लाखाच्या आतील उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागतो. हे सगळे मूळ प्रतीत पाहिल्याशिवाय केंद्रातली माणसे अर्जाला हात लावत नाहीत, आणि माझ्यापुढच्या गृहस्थांना त्यांनी त्याच कारणावरून परत पाठवले तेव्हा ते बरेच चिडले होते. दहा शाळा निवडता येतात म्हणून दहाच्या दहा भरू नका, असेही बाई बजावतात. नको असलेली शाळा सोडतीत लागली आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून मूल बाद होते. हा एक सल्ला मला कॅफेत मिळाला नसता.

2024 चे वर्ष मात्र अर्जापुरते राहिले नाही. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने राज्य सरकारने नियम बदलला आणि ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला 25 टक्के प्रवेशांतून सूट दिली. शहरात अशी सरकारी शाळा जवळपास प्रत्येक वस्तीत असल्यामुळे या सवलतीनंतर 25 टक्के प्रवेशांसाठी फारशा खासगी शाळा उरतच नव्हत्या. बाईंनी त्या रविवारी अर्ज बाजूला ठेवले आणि अधिसूचना फळ्यावर एकेक वाक्य लिहून समजावली. सरकारची बाजूही त्यांनी सांगितली, म्हणजे जवळच्या सरकारी शाळेत जागा रिकामी असताना खासगी शाळेला दर मुलामागे वर्षाला 17,670 रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती का द्यावी, आणि ती प्रतिपूर्ती वेळेवर मिळत नाही ही शाळांची ओरडही सांगितली. त्यानंतर खासगी शाळांवर या 25 टक्के जागांचे बंधन घालणारे कायद्याचे कलम 12 वाचून दाखवले आणि पालकांना प्रश्न विचारला की मूळ कायद्यात नसलेली सूट नियमातून देता येईल का. उत्तर त्यांनी दिले नाही. आमच्याकडून शिक्षणाधिकाऱ्यांना उद्देशून एकेक पत्र लिहवून घेतले, तेही ज्याच्या त्याच्या शब्दांत, कारण एकाच मजकुराच्या शंभर प्रती एकच पत्र म्हणून बाजूला पडतात असे त्यांचे म्हणणे होते. माझे पत्र दीड पानांचे झाले. शाळा सुटल्यानंतर मी काहीतरी इतके लांब प्रथमच लिहिले.

त्या पत्रांमुळे काही घडले असा दावा केंद्र करत नाही आणि मीही करणार नाही. नियमाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले ते इतर याचिकाकर्त्यांनी. न्यायालयाने 6 मे रोजी अंमलबजावणीला स्थगिती दिली, 19 जुलैला सूट रद्द ठरवली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. दरम्यान अर्ज पुन्हा नव्याने भरावे लागले. एप्रिलमध्ये ज्यांनी सरकारी शाळांची नावे नाइलाजाने भरली होती, त्या प्रत्येकाला केंद्राने स्वतः फोन करून मे महिन्यात परत बोलावले. मला हा फोन दुपारी दोन वाजता आला, तेव्हा स्थगितीची बातमी आमच्या घरात कोणाला माहीतही नव्हती. सोडत जूनमध्ये निघाली, यादी जुलैच्या उत्तरार्धात लागली, आणि तोपर्यंत शाळा सुरू होऊन महिना उलटला होता.

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी वर्ग असतो आणि माझ्या मते केंद्राची सर्वांत मोलाची सेवा हीच आहे, जरी तिला गर्दी सर्वांत कमी असते. कायद्याच्या कलम 21 नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. मुलाच्या शाळेत मी दोन वर्षे सदस्य होते आणि पहिले वर्षभर माझे काम म्हणजे शाळेच्या फाटकाशी शिपायाने पुढे केलेल्या वहीत सही करणे एवढेच होते. बाईंनी मला ती वही आधी वाचायला शिकवले. इतिवृत्तात न झालेली चर्चा लिहिलेली असेल, तर सहीच्या वर ‘या विषयावर बैठकीत चर्चा झाली नाही’ असे लिहून मग सही करावी, एवढाच तो धडा होता. पुढच्या महिन्यात मी तसे लिहिले. त्यानंतर बैठक खरोखर भरली आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीचा विषय शाळा विकास आराखड्यात आला. 2024 मध्ये गणवेशाचा निर्णय समितीकडून काढून राज्यस्तरावर नेला आणि वर्षअखेरीस तो परत समितीकडे आला, तेव्हा कापड आणि माप यांवर बोलायला आमच्याकडे काय कागद हवेत हेही याच वर्गात ठरले.

आता उणिवांकडे येते. केंद्र जुलैअखेर बंद होते आणि पालकांची खरी अडचण त्यानंतर सुरू होते. मुलीच्या शाळेने ऑगस्टमध्ये ‘उपक्रम खर्च’ म्हणून पैसे मागितले तेव्हा मी फोन केला, तर जानेवारीत या असे उत्तर मिळाले. शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा येईल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च बालकाकडून घेता येत नाही, हे कलम 3 मला केंद्रातच कळले होते, म्हणून मी पत्र स्वतः लिहिले. उत्तर आले नाही, पण मागणीही पुन्हा आली नाही. शिवाय विनाअनुदानित शाळांना व्यवस्थापन समितीचे कलम लागू नाही, त्यामुळे 25 टक्क्यांतून प्रवेश मिळालेल्या मुलांच्या पालकांना त्या शाळेत बसायला खुर्चीच नसते. राज्याच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याखालील पालक-शिक्षक संघात प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक सभासद असतात आणि कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडले जातात. शुल्क न भरणाऱ्या पालकांनीही त्या सोडतीत नाव द्यावे हे केंद्राने एकदाही सांगितलेले नाही. विचारले तेव्हा “तो विषय आपला नाही” असे म्हटले गेले. मला हे पटलेले नाही.

लहान तक्रारीही आहेत. लॅपटॉपवर बसणारी मुले तरबेज आहेत, पण जोडपे समोर बसले की प्रश्न नवऱ्याला विचारतात, जरी फाइल बायकोच्या मांडीवर असते. व्हॉट्सअॅप गटात शुभ प्रभातच्या फुलांखाली मुदतवाढीचा संदेश हरवतो. तो गट निःशब्द करून संकेतस्थळ रोज स्वतः पाहावे.

जाणार असाल तर साडेनऊला पोहोचा आणि झेरॉक्स आदल्या दिवशीच काढून ठेवा, कारण समोरचे दुकान रविवारी अकराशिवाय उघडत नाही.