काटाकाट करावी की आधी मसावि काढावा?

मुलांचं गणित घरी घेणाऱ्याला पाचवी-सहावीच्या सुमारास एकदा ठरवावंच लागतं: अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्यायचं ते दोनने, तीनने काटत काटत, की अंश-छेदांचा मसावि, म्हणजे दोघांनाही भागणारी सर्वांत मोठी संख्या, काढून एका झटक्यात? वर-खाली एकाच संख्येने भागलं तर किंमत का बदलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. इंदूरला रामबागेत संध्याकाळी भाची आणि तिच्या मैत्रिणी माझ्याकडे वह्या घेऊन बसतात. शाळेत त्या हिंदीतले ‘हर’ आणि ‘म.स.’ म्हणतात, माझ्यापुढे छेद आणि मसावि. त्याने काही अडत नाही.

काटाकाटीची बाजू लंगडी नाही. ८४/१२६ घ्या. दोनने ४२/६३, तीनने १४/२१, सातने २/३. पाढे पाठ असले की पेन थांबत नाही. गुणाकारात तर तिला तोड नाही: ५/१२ × १८/२५ मध्ये आडवं काटलं की १/२ × ३/५ उरतं, उत्तर ३/१०. इथे मसावि काढत बसणारा माणूस मला जरा हौशीच वाटतो. वही मात्र बघवत नाही. ८४ वर तिरकी रेघ, त्यावर ४२, त्यावरही रेघ, वर १४, आणि शेवटचा २ थेट आधीच्या गणितात घुसलेला.

तेही चालवून घेतलं असतं. मला छळलं ते एका प्रश्नाने: “मामा, झालं का?” ५७/९५ दिलं होतं. दोनने जात नाही. तीनने ५७ जातो, ९५ नाही. पाचने ९५ जातो, ५७ नाही. सातने दोन्ही नाहीत. भाचीने उत्तराभोवती चौकट केली आणि माझ्याकडे बघितलं. एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणीस पाचे पंच्याण्णव, उत्तर ३/५. पण एकोणीसचा पाढा कोणाच्या तोंडी असतो? काटाकाटीत कुठे थांबायचं ते पद्धत सांगत नाही, सांगणारा शेजारी बसावा लागतो. आणि परीक्षेत मामा नसतो.

मूळ अवयव पाडणं हा मधला मार्ग, पण तिथेही २२१ समोर आला की तेच अडखळणं. म्हणून मी भागाकार पद्धतीकडे वळलो. २२१/२९९ बघा. २९९ ला २२१ ने भागा, बाकी ७८. २२१ ला ७८ ने, बाकी ६५. ७८ ला ६५ ने, बाकी १३. ६५ ला १३ ने, बाकी शून्य. मसावि १३, उत्तर १७/२३, आणि यापुढे काही उरलेलं नाही याची खात्री. दोन संख्यांना जो भाग जातो तो त्यांच्या वजाबाकीलाही जातोच, एवढ्यावर हे सगळं उभं आहे. युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास लिहून ठेवलेली ही रीत. मुलांना सुरुवातीला लांबलचक वाटते, मान्य. १२/१८ साठी मीही ती वापरणार नाही.

पूर्ण भागाकार नको असेल तर निदान एक वजाबाकी करा. ९१/१३३ मध्ये फरक ४२, म्हणजे मूळ संख्यांपैकी २, ३ आणि ७ एवढेच तपासायचे. सातने जातं: १३/१९. भाचीला भागाकारापेक्षा हेच जास्त आवडलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

सममूल्य अपूर्णांक ओळखताना बहुतेक जण तिरकस गुणाकार करतात. दोनच असतील तर तो छानच. ४२/७० आणि ५७/९५: ४२ × ९५ = ३९९०, ७० × ५७ = ३९९०, सममूल्य. नसते तर कोणता मोठा तेही कळलं असतं. पण पाच-सहा अपूर्णांकांतून जोड्या लावा म्हटलं की दर जोडीला नवे दोन गुणाकार. तिथे प्रत्येकाचं अतिसंक्षिप्त रूप काढून शेजारी लिहावं आणि नुसतं बघावं. अर्थात ५७/९५ काटून झालं म्हणून तसंच सोडलं असेल, तर त्याची जोडी ३/५ च्या रांगेत सापडायची नाही.