उमेदवाराला तब्येत विचारावी की नको?

मतं मागायला दारात आलेल्या माणसाला "काय, तब्येत बरी ना?" असं आपण विचारतोच. "पाच वर्षं झेपेल ना?" हे मात्र कुणी विचारत नाही. विचारावं की विचारू नये, यावर मी दोन्हीकडे राहून आलोय.

आधी बरीच वर्षं मी "नको" वाल्यांत होतो. कारण शरद पवार. २००४ च्या लोकसभेच्या धामधुमीत तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशन, आणि त्यानंतर सलग दहा वर्षं केंद्रात कृषिमंत्री. रिपोर्ट बघून मत द्यायचं ठरलं असतं तर? अमेरिकेत १९७२ साली मिसुरी राज्याचे सेनेटर थॉमस ईगलटन यांचं तसंच झालं. नैराश्यासाठी विजेचे झटके घेतले होते हे बाहेर आलं आणि मिळाल्यापासून अठरा दिवसांत उपाध्यक्षपदाची उमेदवारी गेली. मिसुरीच्या लोकांनी मात्र त्यांना पुढेही निवडून दिलं, १९८७ पर्यंत ते सेनेटर होते. म्हणजे विचारण्यात अन्याय होऊ शकतो, हे मला आजही मान्य आहे.

दुसऱ्या बाजूला आपलं प्रतिज्ञापत्र बघा. बायकोच्या अंगावर किती ग्रॅम सोनं आहे ते लिहावं लागतं, तब्येतीला रकानाच नाही. गोव्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये पर्रीकर आजारी पडले. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे हे सरकारातून उघडपणे सांगितलं गेलं ते ऑक्टोबरमध्ये. नाकात नळी घालून अर्थसंकल्प मांडणाऱ्या त्या माणसाच्या जिद्दीला माझा नमस्कारच. पण मधले आठ महिने लोकांनी अंदाजावर काढले, ते बरं वाटत नाही.

तरीही माझं मत फिरलं ते आमच्या सोसायटीमुळे. हसू नका. चेअरमन बिनविरोध निवडून आले आणि महिन्याभरात हॉस्पिटलात. मुलाला विचारलं की एकच उत्तर : "रुटीन चेकअप आहे, दोन दिवसांत येतील." हे दोन दिवस नऊ आठवडे चालले. चेकवर त्यांची सही लागायची, त्यामुळे लिफ्टवाल्याचे पैसे अडले, लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिससाठी आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली न्यायचो, आठवड्यातून दोनदा. खुर्चीचा एक पाय वळणावर कठड्याला अडकायचा. मला आजाराचा राग नव्हता, त्या "रुटीन"चा होता. खरं सांगितलं असतं तर आम्ही पहिल्याच आठवड्यात ठराव करून सही बदलली असती.

तेव्हापासून कुणा पुढाऱ्याच्या बाबतीत "प्रकृती स्थिर" वाचलं की मला ती खुर्ची आठवते. २०१६ मध्ये जयललिता रुग्णालयात असताना पक्षाच्या उमेदवारांच्या कागदांवर सहीऐवजी त्यांचा अंगठा उमटला होता, तेव्हाही आठवली.

कुणाला कोणता आजार आहे हे विचारू नये, असं माझंही म्हणणं आहे. ते त्याचं आणि डॉक्टरांचं. पण काम होईल का, आणि नाही झालं तर कोण करेल, एवढं विचारायला हरकत नसावी. निदान मला तरी वाटत नाही.

यंदा सोसायटीच्या निवडणुकीत मी उभ्या राहिलेल्या काकांना सगळ्यांसमोर विचारलं, "काका, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे म्हणे. सह्या कोण करणार?" काका अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पण बँकेत आता तिसऱ्या सहीचा ठराव दिलेला आहे.