स्पिनलॉक की म्यूटेक्स?

दोन्ही लॉकच: सामायिक डेटाला एका वेळी एकालाच हात लावू देणारे. लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिताना हा प्रश्न वेगाचा वाटतो. खरं तर आधी विचारायचं ते एवढंच: हा कोड जिथे चालतो, तिथे झोपायची मुभा आहे का?

म्यूटेक्स मिळाला नाही तर थ्रेड झोपतो आणि सीपीयू दुसऱ्या कामाला मोकळा होतो. आयटूसी या चिप जोडणाऱ्या संथ बसवरच्या सेन्सरच्या उत्तराची वाट पाहायची असेल तर हाच बरा. इंटरप्ट हँडलरमध्ये, म्हणजे उपकरणाने लक्ष वेधताच हातातलं काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये, मात्र तो वर्ज्य; तिथे झोपता येत नाही.

स्पिनलॉकसाठी थांबणारा सीपीयू जागीच फिरत राहतो, म्हणून तो मोजक्या ओळींपुरताच धरावा: रजिस्टर वाचलं, बफरमध्ये नोंद टाकली, सोडला. नवखे अडकतात ते इथेच. साधा स्पिनलॉक धरलेला असताना त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला आणि हँडलरने तोच लॉक मागितला, तर हँडलर कायम फिरतो; लॉक सोडणारा कोड पुन्हा चालूच होत नाही. म्हणून हँडलरही ज्या डेटाला हात लावतो, त्यासाठी बाहेरच्या कोडमध्ये ‘स्पिन लॉक आयआरक्यूसेव्ह’ वापरा. तो त्या सीपीयूवरचे इंटरप्ट बंद करतो आणि आधीची स्थिती जपून ठेवतो. असा दोष चाचण्यांमधून सहज निसटतो, तेव्हा विकास करताना लॉकडेप, म्हणजे कर्नलमधला लॉक तपासणारा, चालू ठेवाच. प्रत्यक्ष कोंडी होण्याआधीच तो धोका दाखवू शकतो.

२००९ मध्ये, लिनक्सच्या २.६.३० आवृत्तीत थ्रेडेड इंटरप्ट आले, म्हणजे हँडलरचं काम झोपू शकणाऱ्या वेगळ्या थ्रेडमध्ये करायची सोय. त्यांच्या थ्रेडमध्ये म्यूटेक्स चालतो. उपकरण संथ बसवर असेल तर मी तरी हाच मार्ग धरतो.