स्पिरिटबॉक्सचा 'इटर्नल ब्लू' : आठ महिने ऐकल्यानंतर

आठ महिने झाले हा अल्बम ऐकतेय. रोजच असं नाही, पण आठवड्यातून चार वेळा तरी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, कारण कोथरूडहून हिंजवडीला कंपनीच्या बसने जायला मला सव्वा तास लागतो आणि अल्बम आहे ४३ मिनिटांचा, म्हणजे चांदणी चौकाच्या आधी लावला की वाकडच्या आसपास संपतो आणि मग उरलेला रस्ता मी दुसरं काही लावत नाही, खिडकीतून बघत बसते. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर पाचपैकी अडीच दिले असते. आज तसं अजिबात वाटत नाही, म्हणून लिहितेय.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पिरिटबॉक्स हा मेटल बँड कॅनडातला, व्हँकुव्हर बेटावरच्या व्हिक्टोरिया शहरातला. कोर्टनी लाप्लांट गाते, तिचा नवरा माइक स्ट्रिंगर गिटार वाजवतो, या अल्बमवर बास गिटारला बिल क्रूक आणि ड्रम्सवर झेव रोझ. कोर्टनी आणि माइक आधी 'आय रेसल्ड अ बेअर वन्स' नावाच्या अमेरिकन बँडमध्ये होते, तो बंद पडत आल्यावर दोघांनी बाहेर पडून हे सुरू केलं. पहिली ईपी, म्हणजे छोटा अल्बम, २०१७ मध्ये आली आणि पहिला पूर्ण अल्बम, म्हणजे हा, थेट १७ सप्टेंबर २०२१ ला. मधली चार वर्षं सुटी गाणी सोडत राहिले. रेकॉर्डिंग कोविडमुळे लांबलं, शेवटी कॅलिफोर्नियात जोशुआ ट्रीच्या वाळवंटी भागात जाऊन प्रोड्यूसर डॅन ब्राउनस्टीनबरोबर अल्बम पूर्ण केला. बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत पहिल्याच आठवड्यात १३ व्या नंबरवर आला, पहिल्या अल्बमसाठी आणि त्यातही एवढ्या जड संगीतासाठी ही खरंच मोठी गोष्ट आहे.

आता माझं. मला मेटलची सवय दादामुळे. तो मुंबईत शिकायला होता तेव्हा भयानक मौत या मेटल बँडचे कार्यक्रम बघून यायचा आणि घरी आला की मला ऐकवायचा, त्यामुळे ब्रेकडाऊन (गाण्यातला संथ, जड आपटणारा भाग), ग्राउल (गुरगुरल्यासारखं गाणं) हे कानाला नवीन नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी त्यानेच 'होली रोलर' पाठवलं, खाली फक्त एवढंच लिहिलेलं, "ही बाई ऐक." ऐकलं. पहिल्या वीस सेकंदांत अंगावर काटा आला. जवळजवळ सगळं गाणं पोटातून येणाऱ्या आवाजात, खालच्या सुरात ट्यून केलेली गिटार, आणि धर्माच्या नावावर मिरवणाऱ्यांवरचा राग. हे गाणं जुलै २०२० मध्ये आलं आणि बँडचं नाव त्याच गाण्यामुळे सगळीकडे पोचलं. मला वाटलं असली बारा गाणी असणार. रात्री जेवण झाल्यावर अंधारात हेडफोन लावून बसले.

आणि निराश झाले. स्पष्टच सांगते. पहिलंच गाणं 'सन किलर', त्यात सुरुवातीला गिटारच नाही म्हणावी इतकी मागे, धडधडणारा सिंथेसायझर (सिंथ) आणि त्यावर कोर्टनी अगदी श्वासाच्या आवाजात गातेय. मी वाट बघतेय, कधी फुटणार, कधी फुटणार, आणि ते फुटतं गाण्याच्या पार शेवटाकडे. मग 'द समिट', 'सीक्रेट गार्डन', ही तर रेडिओवर लागतील अशी. मला वाटलं दोन बँडची गाणी एकत्र कोंबलीत, एक मेटलकोरवाला (मेटल आणि हार्डकोर पंक यांचं मिश्रण) आणि एक सिंथ-पॉपवाला, आणि दोघांची ओळखच नाही एकमेकांशी. त्या रात्री सातव्या गाण्यापर्यंत जाऊन थांबले, 'होली रोलर' दोनदा ऐकलं आणि झोपले.

बदल कसा झाला तर बसमुळे. बसमध्ये नेट मध्येमध्ये जातं म्हणून मी अल्बम डाउनलोड करून ठेवते आणि खांबाला धरून उभं असताना गाणी बदलत बसायला जमत नाही, त्यामुळे क्रमाने ऐकणं भाग पडलं. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी लक्षात आलं की 'सन किलर' संपताना जो स्फोट होतो त्याच्यासाठी माझे खांदे आधीपासूनच ताठ होतात. शांत भागात मी शांत नसतेच. ती हळू गाते तेव्हा ते थंडपणे धमकी दिल्यासारखं आहे, ओरडण्यापेक्षा जास्त भीती त्याची वाटते. आपल्याकडे घरात आवाज चढवणाऱ्या माणसापेक्षा एकदम गप्प झालेल्या माणसाला सगळे जपून असतात ना, तसं. हे एकदा कळलं आणि अख्खा अल्बम वेगळा ऐकू यायला लागला.

'हर्ट यू' घ्या. एकमेकांना ओरबाडत असूनही सोडता न येणाऱ्या नात्याचं गाणं. रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, नुसता आपटत राहतो, आणि कोरसला ती गोड सुरात गाते, आणि तो गोडवाच त्रासदायक आहे कारण ज्याने दुखावलंय त्याच्याचकडे परत जाताना माणसाचा आवाज तसाच होतो. मला आधी वाटायचं क्लीन, म्हणजे न ओरडता गायलेला, कोरस ही गाणं विकायची सोय. मेटलकोरमध्ये बऱ्याच ठिकाणी ते तसं असतंही, कडव्यात ओरडा, ध्रुवपदात गा, शेवटी ब्रेकडाऊन, साचा ठरलेला. इथे गाणं आणि ओरडणं एकाच माणसाच्या दोन अवस्था आहेत, आणि दोन्हीकडे तीच बाई आहे हे महत्त्वाचं. पुष्कळ बँडमध्ये या कामाला दोन माणसं असतात. कोर्टनी एकाच ओळीत एकीकडून दुसरीकडे जाते, मध्ये श्वास घेतलेला कळतसुद्धा नाही.

याचा सगळ्यात चांगला नमुना अकरावं गाणं 'सर्कल विथ मी'. याचा एक व्हिडिओ आहे ज्यात ती मायक्रोफोनसमोर उभी राहून अख्खं गाणं एका दमात गाते. शक्य असेल तर तो बघाच. चेहऱ्यावर फारसं काही हलत नाही, शांत उभी असते, आणि त्या शांत उभ्या बाईच्या गळ्यातून जे निघतं ते बघून मी पहिल्यांदा मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला होता. मी शाळेत पाच वर्षं शास्त्रीय गाणं शिकले, आमच्या बाई सांगायच्या की जोर गळ्यात नको, पोटात हवा. बेंबीपासून आवाज काढ. तेच तंत्र इथे दिसतं. लोकांना वाटतं ही मंडळी गळा फाडतात, तसं केलं तर दोन कार्यक्रमांत आवाज जाईल. दमसास आहे हा, रियाज आहे, फक्त आपल्याला ऐकायची सवय असते त्यापेक्षा वेगळ्या कामाला लावलेला.

'यलोजॅकेट'मध्ये आर्किटेक्ट्स या इंग्लिश बँडचा सॅम कार्टर आहे. चांगलं आहे, त्याचा आवाज लगेच ओळखू येतो, पण खरं सांगायचं तर गाणं त्याच्याशिवायही उभं राहिलं असतं. 'सिल्क इन द स्ट्रिंग्ज' छोटं, वेगवान, सकाळी झोप उडवायला उत्तम. 'वी लिव्ह इन अ स्ट्रेंज वर्ल्ड' मी पहिले दोन महिने चक्क पुढे ढकलायचे, आता नाही ढकलत.

आवाजाच्या क्वालिटीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते कारण यात माझे चार महिने वाया गेले. मोबाईलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. गिटार इतकी खाली ट्यून केलेली आहे की छोट्या स्पीकरमधून तो खालचा भाग बाहेरच पडत नाही, उरतं फक्त कर्र कर्र आणि वर तरंगणारा आवाज, आणि मग माणूस म्हणतो यात काय आहे एवढं. माझे स्वस्तातले ब्लूटूथ इअरबड्स होते, त्यात बास वाढवून दिलेला, त्यामुळे किक ड्रम, बास आणि गिटारचा एकच लगदा व्हायचा. नंतर दादाने त्याचे जुने वायरवाले हेडफोन दिले आणि 'हॅलसियन' पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं, सिंथचे दोन-तीन थर एकमेकांवर आहेत आणि त्याखाली बिल क्रूकचा बास स्वतःचं काहीतरी वेगळं करतोय हे तेव्हा कळलं. हा माणूस २०२२ मध्ये बँडमधून बाहेर पडला आणि २०२४ च्या शेवटी गेला. तेव्हापासून बास जास्त लक्ष देऊन ऐकते.

न आवडलेलंही आहे. ड्रम्स मला फार घासूनपुसून चकचकीत केल्यासारखे वाटतात, प्रत्येक ठोका एकसारख्या वजनाचा, माणूस वाजवतोय याचा घाम त्यात येत नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमध्ये हीच गाणी जास्त जिवंत आहेत. दुसरं म्हणजे 'होली रोलर'ची जागा. सातव्या नंबरवर ते एकटं पडतं, आधीच्या-नंतरच्या गाण्यांपेक्षा त्याची जात वेगळी आहे, आणि त्याच्या लगेच मागे येणारं अल्बमच्या नावाचं गाणं, जे शांत आणि खरं तर फार सुंदर आहे, ते बिचारं त्या धुरळ्यात दिसतच नाही. मला ते आवडायला पाच महिने लागले, आणि तेही एकदा चुकून नुसतं तेवढंच वाजलं म्हणून. आणि मधल्या दोन-तीन गाण्यांत शब्द इतके धूसर आहेत की दुःख आहे हे कळतं, कशाचं ते कळत नाही.

आता शेवटचं गाणं, 'कॉन्स्टन्स'. खरं म्हणजे याच्यासाठीच लिहायला बसले.

पहिले तीन-चार महिने ते माझ्यासाठी नुसतं चांगलं शेवटचं गाणं होतं. संथ, ओरडणं जवळपास नाहीच, आणि तोपर्यंत बस वाकडला पोचलेली असायची त्यामुळे अर्धं लक्ष बाहेर. मग आमची आज्जी गेली. कोल्हापूरला असायची. शेवटची दोन वर्षं तिला काही आठवत नव्हतं, मला आत्याच्या नावाने हाक मारायची, कधी तेही नाही, दर दहा मिनिटांनी विचारायची, "तू कुणाची गं?" आणि मी सांगितलं की खूश व्हायची, दर वेळी नव्याने. हातात कापूस दिला की मात्र वाती वळत बसायची. नावं गेली, घर कुठलं ते गेलं, पण वाती एकसारख्या, एकाच लांबीच्या.

दिवस झाल्यावर पुण्याला परत आले आणि सोमवारी नेहमीसारखी बसमध्ये चढले, नेहमीसारखा अल्बम लावला. मला तोपर्यंत माहीत नव्हतं की 'कॉन्स्टन्स' कोर्टनीच्या आजीच्या आठवणीतलं आहे, व्हिडिओही बघितला नव्हता, मी सहसा बघत नाही. माहीत नसतानाही त्या दिवशी ते गाणं सुरू झालं आणि मला बसमध्ये रडू फुटलं. शेजारच्या ताईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. घरी आल्यावर वाचलं, व्हिडिओ बघितला, त्यात एक म्हातारी बाई आहे आणि तिचा स्मृतिभ्रंश. मग कितीतरी वेळ तशीच बसले होते.

नंतर मी प्रयोग म्हणून ते गाणं सुटं ऐकून बघितलं, प्लेलिस्टमध्ये टाकून. तसं ते तेवढं पोचत नाही. आधी अकरा गाणी तिने राग, धमकी, भांडण, स्वतःशीच झुंज, सगळं करून झालेलं असतं, गळ्यातलं सगळं वापरून झालेलं असतं, आणि मग बाराव्याला ती नुसती गाते. ओरडण्यासारखं उरलेलंच नसतं काही. माझंही तसंच झालं होतं, दवाखान्याशी, नातेवाइकांशी, स्वतःशी भांडून झालं होतं आणि मग एक दिवस नुसती खुर्ची रिकामी. म्हणून कुणाला हे गाणं पाठवायचं तर मी सुटं पाठवत नाही, म्हणते ४३ मिनिटं काढ आणि पहिल्यापासून ऐक. दादालाही तेच सांगितलं. त्याने अल्बम कितीदा तरी ऐकला होता पण शेवटपर्यंत क्वचित गेला होता. रात्री दोन वाजता त्याचा फोन आला, दोघंही फार काही बोललो नाही.

पुढचा मोठा अल्बम 'त्सुनामी सी' मार्च २०२५ मध्ये आला, तोही ऐकलाय. जास्त मोठा, जास्त सफाईदार, ड्रम्सबद्दलची माझी तक्रार तिथे बरीच कमी होते. त्यावर लिहायला अजून काही महिने लागतील. बसमध्ये मात्र सध्या 'इटर्नल ब्लू'च आहे. आज्जीने वळलेल्या वाती आईने एका डब्यात भरून मला दिल्यात, अजून बऱ्याच आहेत, संध्याकाळी घरी पोचले की त्यातलीच एक लावते.